शंभराव्या दिवसाची फुलदाणी

डेंग्यू मला होणं शक्यच नव्हतं! इंडोनेशियातल्या सेमारंगच्या कापडगिरणीत मी तीस वर्षं काढली. इथले डास जवळ येतात, 'अरे, हे तर आपले निमकर' म्हणतात आणि शेजारी जातात. म्हणून गल्लीत डासांच्या अळ्या शोधणाऱ्या बू तुमिनी (इथं बाईंना बू म्हणतात आणि बुवांना पाक) बॅटरी घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना दारातच अडवलं.

"पाक निमकर, बादल्या तरी बघू द्या!"

"थेंबभर पाणी साचलेलं नाही, बू. सुपार्तीची शिस्त आहे."

"ताई गेल्या की हो!"

"शिस्त आहे अजून!"

सुपार्ती माझी बायको. इथं माणूस गेल्यावर शंभराव्या दिवशी अख्ख्या गल्लीला जेवण घालतात. "आपल्या घरीच घाल, माझ्या फोटोसमोर," असं तिनं मला बजावलं होतं. मी शब्द दिला होता.

ते जेवण चार दिवसांवर आलं आणि मला हुडहुडी भरली. डोळ्यांमागे कुणी खिळे ठोकत होतं. इथं ताप म्हणजे अंगात वारा शिरला. उपाय एकच, तेल लावून नाण्यानं पाठ लाल होईपर्यंत खरवडायची. सुपार्ती अशी खरवडायची की मी झेब्रा व्हायचो आणि सकाळी कामावर जायचो. पण आपली पाठ आपल्याला खरवडता येत नाही, हे विधुर झाल्यावर कळतं. शेवटी दाराच्या फटीत नाणं अडकवलं आणि म्हैस झाडाला घासते तसा घासत बसलो.

"अगं बाई! पाक, काय चाललंय?" खिडकीत बू तुमिनी!

त्यांनी मला रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठ बघितली.

"हा वाघ कुणी काढला? अहो, हा डेंग्यू आहे! प्लेटलेट तळाला गेल्यात आणि तुम्ही कातडी सोलताय!"

"मला घरी जाऊ द्या. बायकोचं जेवण आहे."

"बायकोला सांगा, थोडं थांब म्हणावं."

ती थांबली असती तर जेवण कशाला घालावं लागलं असतं?

बू तुमिनी म्हणाल्या, "तुम्ही ताईंकडे जाऊ शकत नाही ना? मग आम्ही ताईंना इकडे आणतो!"

आणि आणलं! शंभराव्या दिवशी अख्खी गल्ली टेम्पोतून वॉर्डात उतरली. पिवळ्या भाताचे डबे, कोंबडी, माझ्या प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पेरूच्या रसाच्या बाटल्या. माझ्या उशाशी सुपार्तीचा फोटो आणि घरी त्यापुढे असायची ती तिची फुलदाणी ठेवली. सगळे भोवती बसले आणि गेलेल्या जिवासाठी प्रार्थना सुरू झाली. मला थंडी वाजत होती, म्हणून चादर नाकापर्यंत ओढून मी डोळे मिटले.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून डोकावली आणि तिनं हंबरडाच फोडला.

"सकाळी तर बोलत होते हो! किती शांत दिसतायत!"

मागच्या वॉर्डातले चौघे येऊन प्रार्थनेला बसले. नर्स धावत आली. "सलाईन चालू असताना गेले कसे?"

"माझा डबा ठेवा," मी चादरीतून म्हणालो.

सून किंचाळून मागे सरली. फुलदाणी कलंडली. पाणी माझ्या पोटावर सांडलं आणि त्यात काहीतरी वळवळलं.

बू तुमिनींनी पिशवीतून बॅटरी काढली. वाकून नीट बघितलं.

"पाक, या अळ्या."

फुलं मी रोज बदलायचो. पाणी मात्र वरून घालायचो. सुपार्तीनं स्वतः भरलेलं ते पहिलं पाणी ओतून द्यायला हातच होत नव्हता.

"ताईंच्या फोटोपुढेच वाढवलेत की हो तुम्ही हे डास!" बू तुमिनी म्हणाल्या. मग हळूच, "जेवा आता. भात गार होतोय."

घरी आल्यावर मी प्लॅस्टिकची फुलं आणली. सुपार्तीला प्लॅस्टिकची फुलं मुळीच खपायची नाहीत. दिसली की तासभर बोलायची.

आठवडा झाला, फोटोपुढे तीच फुलं आहेत. अजून एक शब्द बोललेली नाही.