झेंडूची पाकळी आणि सरदाराची बदली

श्रीगजाननास दंडवत, आणि वीज अखंड राहो हे मागणे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, एका राज्यात वर्तमान घडले, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे.

राज्याचे धनी रणधीरराव राजे. गेममधील लढाईत त्यांचा लौकिक मोठा, आणि ज्या काळ्या पेटीवर ते लढत त्या संगणकाचा सारा कारभार भानजीपंतांकडे. आश्विन मासी खंडेनवमीस शस्त्रांची पूजा होते, तैसी पेटीचीही जाहली. पंतांनी स्वहस्ते तारा सोडविल्या, पेटी पुसली, हळदकुंकू वाहिले, झेंडूच्या माळा घातल्या, आणि दसऱ्यास तारा परत जोडिल्या. आणि त्याच दिवसापासोन गेम अडखळू लागला. पूर्वी पडद्यावर सेकंदास नव्वद चित्रे उमटत, ती विसावर आली. गनीम दृष्टीस पडे तोवर राजे आधीच मारले गेलेले असत. आणि कार्तिक शुद्ध पंचमीस वरल्या मजल्याचे हैबतराव यांशी सामना ठरलेला, हरेल त्याने वर्षभर दुसऱ्याच्या हुकुमात खेळावे ऐसा करार. मग राजे संतापोन बोलिले, "पंत, नवमीला पूजा केलीत आणि दशमीला पेटीचा दगड झाला! काय बदलायचं ते सांगा." आणि आईसाहेबांची आज्ञा ऐसी की एकच भाग बदलेल, दुसऱ्याचे नाव पुढील दसऱ्यास. मग मसलत बसली. कोणी म्हणे रॅम वाढवावी, कोणी म्हणे प्रोसेसर म्हातारा जाहला. राजांच्या भगिनी ताईसाहेब म्हणाल्या, "दादालाच बदला ना! पेटी बिचारी चांगलीच आहे." सारे हसले, पंत हसले नाहीत. त्यांस अन्न गोड लागेना. रॅम आणावी आणि दोष प्रोसेसरात निघावा, प्रोसेसर आणावा आणि दोष तिसरीकडेच निघावा, मग राजे हैबतरावांचे शिलेदार आणि पंत कोठलेच नाहीत.

मग पंतांनी चार दिवस मापे घेतली. रॅम अर्धी रिकामी, प्रोसेसर निवांत, आणि चित्रे काढणारे ग्राफिक्स कार्ड तर काहीच काम करीना. पंत मनात म्हणाले, सरदार छावणीत बसोन आहे, कामचुकार जाहला. ऐसे ठरवोन नवे कार्ड आणविले. हे ऐकोन हैबतराव खाली आले आणि म्हणाले, "जुनं टाकताय? मला द्या की. माझ्याकडे तेवढंही नाही." राजांनी हसोन दिले. आणि पंतांनी नवे कार्ड बसविले, बाकी तारा जैशा होत्या तैशा राहू दिल्या, गेम लाविला, आणि चित्रे पुन्हा वीस. सामन्यास दोन दिवस उरले.

दुसरे दिवशी सकाळी हैबतराव जिन्यातूनच ओरडत आले, "रणधीरराव, तुमचं कार्ड झकास! नव्वद चित्रं! फक्त तार घालायच्या भोकात हे अडकलं होतं." आणि पंतांच्या तळहातावर वाळकी झेंडूची पाकळी ठेविली. राजे म्हणाले, "म्हणजे?" पंतांनी पाकळी उलटीपालटी करोन पाहिली. भोकात पाकळी होती, तर नवमीपासोन त्या भोकात तार नव्हतीच. मग पडद्याची तार होती कोठे? पंत मेजाखाली शिरले. तार पेटीच्या दुसऱ्या भोकात, जेथून कार्डाची गाठही पडत नाही, पेटी आपल्याच तोकड्या बळावर चित्रे काढते. पंतांनी ती काढोन कार्डास लाविली, आणि चित्रे एकशेचाळीस जाहली. ताईसाहेब वाकोन म्हणाल्या, "पंत, तुम्ही आत्ता काय केलंत?" "धूळ झटकली, ताईसाहेब."

पंचमीस राजे जिंकिले. हैबतराव जुन्याच कार्डावर इतके निकराने लढले की शेवटच्या डावापर्यंत पंतांच्या मुठीतील पाकळीचा भुगा जाहला. मग राजांनी पंतांच्या निवडीची तारीफ केली, शाल पांघरविली, आणि भर सभेत म्हणाले, "दर खंडेनवमीस तारा सोडण्याजोडण्याचा मान पंतांचा. वंशपरंपरेनं." पंतांनी मुजरा केला.

येणेप्रमाणे राज्य राहिले. बदलिले ते कार्ड चांगले, काढिले तेही चांगलेच होते. पेटीच्या मागे कार्डाच्या भोकाशेजारी कुंकवाचा एक टिळा आहे. कोणी विचारिल्यास पंत पूजेचा म्हणोन सांगतात.