जावयाचं वेळापत्रक

बद्रीनाथला आयुष्यात एकच गोष्ट येत होती, पण ती झकास येत होती. वेळापत्रक करणं! अठरा वर्षं शाळेचं वेळापत्रक त्याच्याच हातचं. चित्रकलेच्या सरांना गणिताच्या तासाला बसवायचा आणि सर हूं की चूं करायचे नाहीत. तेव्हा बायकोला समुद्र दाखवायचं ठरल्यावर त्यानं आधी काय केलं असेल? कागद घेतला, पट्टी घेतली आणि रकाने आखले.

संध्यानं समुद्र पाहिलाच नव्हता. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण दरवर्षी निघायच्या वेळी कुणाचं लग्न निघायचं, कुणाचं बाळंतपण, नाहीतर कुणाचं दहावं. आणि बाई राहते कुठं? संभाजीनगरात, जिथं नळ आठ दिवसांनी येतो! तिला पाण्याची ओढ किती असेल ते तुम्हीच बघा. यंदा पतसंस्थेतनं तिनं भांडून पाच दिवसांची रजा काढली होती.

"कारनं सोमनाथ!" बद्रीनाथनं जाहीर केलं. "उद्या पहाटे निघायचं आणि परवा संध्याकाळी सूर्य बुडताना तू समुद्रापुढं उभी! पाच मिनिटं इकडंतिकडं झाली तर नाव बदलीन!"

तेवढ्यावर थांबला असता तर नावाला धोका नव्हता. पण त्याला राहवेना. त्यानं वेळापत्रकाचा फोटो काढला आणि सासरच्या ग्रुपवर टाकला. वेरूळ पावणेसात. हतनूर सव्वासात. कन्नड पावणेआठ, चहा. पुढं चाळीसगाव, धुळं, सुरत.

या हुशार माणसाच्या ध्यानातनं दोनच गोष्टी सुटल्या. एक, कन्नडपर्यंतच्या सगळ्या रस्त्यावर संध्याचं माहेर पसरलेलं होतं. दुसरी, धोंड्याचा महिना चालू होता! तीन वर्षांनी एकदा येणारा हा महिना म्हणजे जावयाचा. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, ताटात तेहतीस अनारसे द्यायचे. एरवी दिवस-वेळ सासरवाडी कळवते. इथं जावयानं स्वतःच मिनिटासकट कळवली होती! अख्खी भावकी रात्रीच पुरण वाटायला बसली.

वेरूळला गाडी बरोबर पावणेसातला पोचली. रस्त्याच्या मधोमध संध्याची मावशी गीताबाई उभी, हातात आरतीचं ताट.

"वेळेचे लई पक्के हो जावईबापू! उतरा, पाय धुवून घ्या."

"मावशी, आम्ही सोमनाथला..."

"व्हय व्हय, जा की! देव काय पळून चाललाय? धोंड्याच्या महिन्यात जावई दारावरनं उपाशी गेला तर गावात तोंड दाखवू कसं मी?" असं म्हणून मावशीनं डोळ्याला पदर लावला.

आता रडणाऱ्या मावशीपुढं कुणाचं काय चालणार? बद्रीनाथ पाटावर बसला. चार धोंडे खाल्ले. पाचवा आग्रहाचा, सहावा मावशीच्या गळ्याची शपथ म्हणून. वर तुपाची धार. टॉवेल, टोपी, शर्टाचं कापड आणि तेहतीस अनारसे घेऊन उठेपर्यंत साडेदहा वाजले.

"काही हरकत नाही," तो गाडीत म्हणाला. "जेवणाची सुट्टी कापतो."

हतनूरला रस्त्यात बैलगाडीच आडवी! गाडीवर संध्याचे चुलते तात्यासाहेब, मिशीला पीळ देत बसलेले.

"सव्वासातपासनं इथं बसलोय! घड्याळ बंद पडलंय का जावयाचं?"

"तात्यासाहेब, वेरूळला जेवण झालंय हो..."

"अस्सं! मावशीकडं जेवण आन् सख्ख्या चुलत्याकडं नाय? म्हंजी आम्ही मेलो तुमच्या लेखी!"

पुन्हा पाय धुणं, पुन्हा पाट. बद्रीनाथ आता धोंडा तोंडात धरून नुसता बसायचा. गिळायला जागाच नव्हती. संध्या खांबाला टेकून एकदा घड्याळाकडं बघायची, एकदा नवऱ्याकडं. नको म्हणावं तर माहेर रुसणार. घ्या म्हणावं तर समुद्र हुकणार. तिला अगदी रडू यायला लागलं होतं, पण काकूला वाटलं, पोरीला माहेरच्या मायेनं भरून आलंय. काकूनं जावयाला आणखी दोन धोंडे वाढले.

कन्नडला पोचले तेव्हा दिवस मावळला होता. सासूबाई, चतुराबाई, दारात उभ्या. जावयाचा चेहरा हिरवट झालेला बघूनसुद्धा म्हणाल्या, "बरं झालं, पुरण गरमच हाय." बद्रीनाथनं धोंड्याकडं बघितलं, धोंड्यानं त्याच्याकडं बघितलं, आणि तो पाटावरच आडवा झाला.

दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. "दोन दिवस नुसती मुगाची खिचडी. हलायचं नाही."

"दोन दिवस? डॉक्टर, आमचा समुद्र..."

"समुद्र कुठं जातोय? आन् हे बघा दाजी, मी चतुराबाईंचा चुलतभाचा. नात्यानं तुम्ही आमचे जावई. खिचडी पचली की आमच्याकडं एक तरी धोंडा घ्यावाच लागंल."

बद्रीनाथ तोंडावर चादर ओढून खरंच रडला. पाच दिवसांतले तीन कन्नडापर्यंतच गेले. सोमनाथची बुक केलेली खोली गेली. चौथ्या दिवशी, डॉक्टरांकडचा धोंडा खाऊन, गाडी उलट्या दिशेला लागली. मागच्या सीटवर एकशे बत्तीस अनारसे, चार टॉवेल आणि चार टोप्या.



"संध्या, चुकलं गं माझं," तो म्हणाला. "अठरा वर्षांनी निघालो आणि साठ किलोमीटरच्या पुढं गेलो नाही. पण पुढच्या वर्षी धोंडा नसतो! मी आत्तापासून असं वेळापत्रक करतो की..."

"अहो, गाडी बाजूला घ्या."

त्यानं घेतली. संध्यानं त्याचा मोबाइल उचलला, अनारशांच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.

"वेळापत्रक नको. धोंडा नसला तर आखाड असतो, आखाड नसला तर दिवाळी. जावई दिसला की ही माणसं रस्ता अडवणारच. लेकीला काय, चहा पाजून सोडतात. मी एकटी जाईन."

"एकटी?"

"पतसंस्थेतल्या बायकांबरोबर. तुम्ही नाय यायचं."

आणि गेली! डिसेंबरात, त्याच कन्नडच्या रस्त्यानं. वेरूळला मावशीनं खिडकीतनं चहा दिला. हतनूरला तात्यासाहेबांनी नुसता हात हलवला. कन्नडला आईनं विचारलं, "एकटीच व्हय?" आणि लगेच आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. मागं मावळता सूर्य, नजर जाईल तिथवर पाणी, आणि गुडघाभर लाटांत साडी सावरत हसणारी संध्या. ती अशी हसताना बद्रीनाथनं अठरा वर्षांत पाहिली नव्हती. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, म्हणून तो एका हातानं हंडा भरत होता आणि दुसऱ्या हातानं फोटो मोठा करून बघत होता. तेवढ्यात फोटोखाली सासूबाईंचा मेसेज आला.

"छान. जावई जेवले का?"