चाकवाढ समितीचा ऐंशी मिलिमीटरचा ठराव

सार्वजनिक कामात दोष आढळला, तर ज्याला त्या दोषाचा त्रास झाला त्याच्यातच तो शोधावा, हे सुव्यवस्थित समाजाचे मूलतत्त्व आहे. रस्त्याला खड्डे असतील तर कमरेला पट्टा बांधावा, पाणी गढूळ आले तर तुरटी फिरवावी, गुरुजींचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसेल तर मागच्या मुलांचे कान तपासून घ्यावेत. हे तत्त्व सोडले की झालेले काम पुन्हा करावे लागते, आणि झालेले काम पुन्हा करणे म्हणजे ते आधी झाले नव्हते असे कबूल करणे. पिपरी मेघेच्या टोकाला असलेल्या आमच्या सुयोग विहार कॉलनीवर ही नामुष्की आजवर आलेली नाही. मी तिथल्या क्रीडा समितीचा सचिव आहे.

गेल्या उन्हाळ्यात समितीने कॉलनीच्या मोकळ्या जागेत स्केटिंगचा उतार बांधला. साधे स्केटिंग नव्हे, ॲग्रेसिव्ह स्केटिंग. यात बुटाखाली एका ओळीत चार लहान चाके असतात. खेळाडू उतारावरून सुसाट खाली येतो, उडी मारतो आणि लोखंडी पाइपवर बुटाखालची फ्रेम टेकवून घसरत जातो. (एका ओळीत सांगितले की हे वेडेपणाचे वाटते. प्रत्यक्ष पाहिल्यावरही तसेच वाटते.) आमचा जिल्हा अहिंसेसाठी ओळखला जात असल्याने 'ॲग्रेसिव्ह' या शब्दावर पहिल्याच सभेत दीड तास चर्चा झाली आणि कागदोपत्री 'जिद्दी स्केटिंग' असे सौम्य नाव ठरले.

उताराचे काम हरिदास मिस्त्रीने केले. आमच्याकडे प्रत्येक घराच्या फाटकापुढे स्कूटर चढवायला सिमेंटचा उतार असतो आणि चाक घसरू नये म्हणून त्यावर आडव्या खाचा पाडतात. पंचक्रोशीत हरिदासइतक्या सरळ खाचा कोणी पाडत नाही. त्याला उतार करायला सांगितले, त्याने उतार केला. सिमेंट ओले असतानाच दोरी लावून चार-चार बोटांवर एकशे बारा खाचा पाडल्या. आम्ही तिथेच उभे होतो. कोणाला काही वावगे वाटले नाही, उलट अध्यक्ष प्रभाकररावांनी त्याची पाठ थोपटली.

"भाऊ, उतार म्हटलं का खाचा आल्याच," हरिदास म्हणाला. "कोणी घसरून पडलं तं माह्यं नाव खराब होते."

घसरण्यासाठी बांधलेल्या उतारावर कोणी घसरू नये याची अशी पक्की तजवीज झाल्यावर उद्घाटन झाले, आणि 'पृष्ठभाग निर्दोष आहे' असा दाखला समितीने स्वतःच स्वतःला दिला. त्यावर तिघांच्या सह्या आहेत: अध्यक्ष प्रभाकरराव (कापड दुकान), तांत्रिक सदस्य प्रफुल (टायरचे दुकान) आणि महिला प्रतिनिधी सुमित्राबाई (निवृत्त मुख्याध्यापिका). या तिघांपैकी कोणी कधी पायाला चाक लावले नव्हते, त्यामुळे मत पूर्वग्रहदूषित असण्याचा प्रश्नच नव्हता.

उद्घाटनानंतर सव्वीस दिवसांत उतारावर पडण्याच्या एकेचाळीस घटना नोंदल्या गेल्या. पैकी तेहतीस मेघा या एकाच मुलीच्या, सात इतर मुलांच्या आणि एक पाहणीस गेलेल्या अध्यक्षांची (ही नोंद नंतर खोडली). याच काळात शेजारच्या गोठ्यातील एक म्हैस उतारावर दोनदा चढून उतरली आणि एकदाही घसरली नाही. बांधकामाच्या दर्जाबद्दल याहून निःपक्षपाती साक्ष मिळणे कठीण आहे.

मेघा ही डाक खात्यातल्या विवेकची मुलगी, अकरावीत शिकणारी. कोण्या नागपूरच्या मुलीने वापरलेले जुने स्केट तिने मिळवले होते आणि मोबाइलवर पाहून पाहून खेळ शिकली होती. नोव्हेंबरात नागपूरला सतरा वर्षांखालील गटाची निवड चाचणी होती. डिसेंबरात तिला सतरा पूर्ण होणार होती, म्हणजे या गटातली तिची ही शेवटची संधी. जिल्ह्यातून ती एकटीच जाणार होती. तिने समितीला अर्ज दिला, विषय: 'उतारावरील खाचा बुजवणेबाबत'.

सभेत तिला बोलावले. गुडघ्यावर पट्टी होती, पण ती खुर्चीवर बसली नाही.

"काकाजी, माह्ये चाकं छप्पन मिलिमीटरचे हायेत," ती अध्यक्षांना म्हणाली. "लहान चाक खाचेत अटकते अन् मले पुढं फेकते. खाचा बुजवल्या तं काहीच नाई पाह्यजे."

हरिदासही आला होता. त्याने तर गोष्ट फारच सोपी करून टाकली. "मले कोणी सांगतलंच नाई का इथं पोरं मुद्दाम घसरून राह्यले म्हणून. सांगतलं असतं तं आरशावानी घोटून देलं असतं. अजूनबी देतो. सकाळी लागलो तं दुपारपावतर होते."

अर्ध्या दिवसात सुटणारा प्रश्न समितीपुढे यावा, हाच एक प्रकारे समितीचा अवमान होता. शिवाय खाचा बुजवायच्या तर दाखला खोटा ठरतो, दाखला खोटा ठरला तर सह्या खोट्या ठरतात, आणि सह्या तर खऱ्या होत्या, मी स्वतः पेन दिला होता. तेव्हा सरळ तर्काने एकच गोष्ट उरली. उतार निर्दोष असूनही चाक अडकते, याचा अर्थ चाक लहान आहे.

प्रफुलने हे पहिल्यांदा ओळखले. "गाडी खड्ड्यात जाऊन राह्यली तं टायर मोठा टाका. सिम्पल आहे. ट्रॅक्टर काऊन फसत नाई?"

मेघाने प्रामाणिकपणे कबूल केले की चाक थोडे मोठे केले तर खाचांवरून बरे जाईल, आणि तिच्या फ्रेममध्ये फार तर चौसष्ट मिलिमीटरचे मावेल. पण त्यापुढे नाही. फ्रेमच्या मधोमध एक खोबण असते, पाइप त्यात बसतो. चाके वाढली की खोबण झाकली जाते, पाइप चाकाला लागतो आणि खेळाडू जागीच थांबतो, म्हणजे पडतो. हे तिने वहीच्या पानावर काढून दाखवले. चित्र सर्वांना आवडले, सुमित्राबाईंनी अक्षराचेही कौतुक केले.

मग क्रीडा समितीतून चाकवाढ समिती नेमण्यात आली (सदस्य तेच, खुर्च्या बदलून बसले) आणि अर्जाचा विषय 'चाके लहान असलेबाबत' असा दुरुस्त करण्यात आला. पुढच्या तीन आठवड्यांत सहा सभा झाल्या. प्रभाकररावांचे म्हणणे असे की चौसष्टची मागणी खुद्द अर्जदाराची आहे. मागितले तेवढेच द्यायचे तर समितीने काय केले? म्हणून त्यांनी चार मिलिमीटर वाढवून दिले. अध्यक्षांनी चार दिले आणि महिला प्रतिनिधीने काहीच दिले नाही तर महिलांबद्दल काय संदेश जाईल, म्हणून सुमित्राबाईंनी चार दिले. तांत्रिक सदस्याचा मान दोन्हींच्या बेरजेइतका धरून प्रफुलने आठ दिले. ऐंशी झाले. मी सचिव असल्यामुळे मला मिलिमीटर नव्हते.

"पोरीच्या पायाले जड नाई होईन काय?" सुमित्राबाईंनी एकदा विचारले. मनाने त्या चांगल्या आहेत.

"जड झालं म्हणजे मजबूत झालं, मॅडम," प्रफुल म्हणाला, आणि तो मुद्दा निकाली निघाला.

ऐंशीची चाके मेघाच्या फ्रेममध्ये अर्थातच मावली नाहीत. त्यामुळे फ्रेम लहान असल्याचेही निष्पन्न झाले. प्रफुलने आपल्या दुकानात लोखंडी पट्टीची नवी फ्रेम बनवून घेतली आणि बुटाच्या तळाला नवी भोके पाडून ती बोल्टने आवळली. जुनी फ्रेम आता पुन्हा बसणार नव्हती. नवीत खोबण नव्हती, कारण खोबण कशासाठी असते हे चित्रात होते आणि चित्र माझ्या फायलीत होते.

त्या बुटांना हार घालून त्यांचा सत्कार झाला. मेघाने ते पायात चढवले आणि उतारावरून खाली आली, आणि मान्य करायलाच हवे, चाके खाचांवरून बिनबोभाट गेली. टाळ्या झाल्या. मग तिने पाइपवर उडी मारली आणि पडली. पुन्हा मारली, पुन्हा पडली. समितीने तातडीची सभा घेऊन पाइप काढून टाकला. त्यानंतर चाचणीपर्यंत उतारावर पडण्याची एकही नोंद नाही. एकेचाळीसवरून शून्य. अशी घट राज्यात अन्यत्र झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

चाचणीला समितीचा प्रतिनिधी म्हणून मी गेलो. विवेकने बसमध्ये तिची पिशवी मांडीवर घेतली होती. पिशवीचे वजन आता डाकेच्या थैल्या उचलून सरावलेल्या माणसालाही जाणवेल इतके झाले होते. नागपूरच्या मैदानावर पोचल्यावर मेघाने पहिल्यांदा काय केले असेल, तर खाली वाकून उतारावरून तळहात फिरवला. उतार गुळगुळीत होता. हात तिने बराच वेळ तिथेच ठेवला.

प्रत्येकाला तीन संधी होत्या. पहिल्या वेळी ती इतक्या वेगाने खाली आली की पाइपजवळ पोचेपर्यंत उडीची वेळ निघून गेली. दुसऱ्या वेळी उडी बरोबर बसली, पण पाइप चाकाला लागला, ती जागीच थांबली आणि हातावर पडली. मनगट सुजले. तिसऱ्या वेळी तिने बूट काढले, ते हातात घेतले आणि रांगेतून बाहेर आली.

परीक्षकांनी फ्रेम उलटसुलट करून पाहिली. "ही कोणी बनवून दिली तुला?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहत होतो. "आमच्या समितीनं," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता.

परतताना बस सेलूला थांबली. मग मेघाने मागच्या सीटवरून विचारले, "काकाजी, तुमी तं सहाही सभेत सगळं लिहून राह्यले होते. माह्यं म्हणणं कोणत्या पानावर हाय?"

पान चौदावर होते, 'इतर' या मथळ्याखाली, चहापानाच्या नोंदीनंतर. मला ते तोंडपाठ होते, पण मी म्हटले, पाहून सांगतो. खरे सांगायचे तर मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. लाजेची नोंद इतिवृत्तात कुठल्या कलमाखाली घ्यावी, याबद्दल नियमावलीत मार्गदर्शन नाही.

चाचणीचा अहवाल मीच लिहिला. त्यात नागपूरच्या उतारावर एकही खाच नसल्याची गंभीर बाब निदर्शनास आणली आहे. आमच्या खेळाडूला सवय नसलेल्या, सपाट व असुरक्षित पृष्ठभागावर खेळायला लावून ग्रामीण गुणवत्तेवर अन्याय झाला, असा निषेध एकमताने मंजूर झाला. मोबाइलवर तो इतका फिरला की तळेगावहून दोन फोन आले आणि आमच्याही गावात असा उतार करून द्या म्हणाले. हरिदासला पाठवायचे ठरले. तो जायला तयार नव्हता, म्हणाला, "पहिले हा घोटू द्या." त्याची समजूत काढणे सुरू आहे.

मेघा आता संध्याकाळी उतारावर येत नाही. स्केट तिने समितीला परत केले. तिचेच होते, पण तिच्या मते आता ते समितीचे आहेत. म्हैस मात्र रोज येते.

हे सर्व लक्षात घेऊन पुढील वर्षासाठी चाकांचा व्यास लोकशाही पद्धतीने ठरवावा असे समितीला वाटले. म्हणून गेल्या रविवारी कॉलनीतल्या दोनशे अठरा घरी छापील अर्ज वाटला. त्यात दोन चौकटी होत्या: 'चाके मोठी असावीत' आणि 'चाके आणखी मोठी असावीत'. मेघाचे घर वगळले, कारण ती स्वतः खेळत असल्याने तिचे मत एकांगी ठरले असते. सर्व अर्ज भरून परत आले. मोठी: एकशे एकतीस. आणखी मोठी: शहाऐंशी. बाद: एक. बाद अर्ज हरिदासचा आहे (तोही कॉलनीतच राहतो). त्याने चौकटीबाहेर मोठ्या अक्षरात लिहिले होते, 'खाचा बुजवा'.

मोजणी मी एकट्याने केली, त्यामुळे प्रत्येक अर्ज माझ्या नजरेखालून गेला. तुमचाही गेला. तुम्ही उताराच्या अगदी समोर राहता, मेघाला गॅलरीतून तेहतीस वेळा पडताना पाहिलेत, दोनदा तिला पाणीही दिलेत. तुमची खूण पहिल्या चौकटीत अगदी मधोमध आहे, रेघेला कुठेही शिवलेली नाही. खाली शेऱ्याच्या जागी तुम्ही लिहिले आहे, 'स्तुत्य उपक्रम.' समिती आपली आभारी आहे.