सुलाबाईसाहेबांचे कुंकू आणि आंधळी फिल्म यांची हकीकत

श्री सप्तशृंगी प्रसन्न. गोदातीरी नाशिक क्षेत्री, गंगापूर रस्त्यानजीक, लिफ्ट सदा नादुरुस्त ऐशा सोसायटीचे तिसरे मजल्यावर, राजमान्य राजश्री बहिरूराव, माजी ग्रंथपाल, यांनी कॅमेऱ्यास फिल्म कोणती घ्यावी या बाबे जी मोहीम केली, तिची हकीकत पुढील पिढीने गप्पा समजू नये म्हणोन येथे लिहिली. ज्यास खोटे वाटेल त्याने त्यांचे दिवाणखान्यात जाऊन भिंत पाहावी.

बहिरूराव स्वभावे भिडस्त. ग्रंथ उदंड वाचले, आणि प्रत्येक ग्रंथ दुसऱ्याविरुद्ध बोले, त्यामुळे निश्चय म्हणोन कोणताच होईना. नोकरीतून मोकळे होताच त्यांनी एक लाकडी कॅमेरा पदरी बाळगला. तो तीन पायांवर उभा, मध्ये पेटीसारखा भाता, आणि एका वेळी एकच तसबीर घेणार. त्यास रीळ चालत नाही. तळहाताएवढी सुटी फिल्म लागते, तिजला शीट फिल्म म्हणतात. ती मिट्ट काळोखात कप्प्यात भरावी, उजेडाची तिरीप लागली की गारद. आणि काळोखाची जागा घरात एकच, ती कोठीची खोली. आणि कोठीत देवघर, आणि देवघरात लाल दिवा अष्टौप्रहर लागलेला. फिल्म भरावयाची म्हणजे तो दिवा काढणे आले, आणि दर खेपेस बहिरूरावांचे कुटुंब सुलाबाईसाहेब यांचा निषेध दाखल होई की, देवाला अंधारात बसवून तुम्ही कसले उजेड पाडता?

ऐशात उभयतांच्या लग्नास पन्नास वर्षे पुरी होण्याचा समय आला, आणि सुलाबाईसाहेबांचे फर्मान सुटले की, मोबाइलातले फोटो आम्हांस नकोत. नात त्यात आम्हांला गोरी करते आणि वर सशाचे कान लावते. भिंतीवर टांगण्याजोगी एक तसबीर काढा, जशी मी आहे तशी.

बहिरूरावांस हर्ष जाहला, आणि मग लगेच धास्ती पडली. फिल्म कोणती? एक तेज, अल्प उजेडात काम फत्ते करणारी, परंतु दाणेदार. दुसरी मंद, परंतु रेशमासारखी मऊ. आणि दोहींचे पोटी नाना जाती. आठ दिवस चहा निवत गेला. मग खासा स्वारी रिक्षात बसोन रविवार कारंज्यास अब्बासभाईंचे स्टुडिओत दाखल जाहली. अब्बासभाई दोस्त खरे, परंतु सल्ला देताना सुभेदारी आवाजात देत. त्यांनी फ्रीज उघडला, आपले कुटुंब अनवरीभाभी यांच्या कैरीच्या लोणच्यामागून एक डबी काढली आणि हुकूम केला की, बहिरूशेठ, किताबं बंद करा. ही पॅनक्रोमॅटिक, हिला दुनियेतला हर रंग दिसतो. सुलाभाभींना दोन पिवळ्या बल्बांसमोर बसवा आणि डोळे मिटून फोटो काढा. बहिरूरावांनी विचारले, डोळे कोणी मिटायचे? त्यावर अब्बासभाईंनी डबी त्यांचे खिशात कोंबली.

मग देवाचा दिवा काढोन फिल्म भरली, सुलाबाईसाहेब पैठणी नेसोन कपाळी रुपयाएवढे कुंकू रेखोन बैसल्या, आणि तसबीर उतरली. मऊ, नितळ, जणू लोणी. बहिरूराव इतके खूश की चष्मा न लावताच ती मोबाइलात टिपोन कुटुंबाचे व्हॉट्सअॅप ग्रुपावर धाडिली.

पाव घटका लोटली नाही तो निफाडाहून धाकट्या भगिनी भागीबाई यांचा फोन आला. फोन बहिरूरावांनीच घेतला. भागीबाई हंबरडा फोडोन म्हणाल्या, "दादा कधी गेला गं वहिनी? आम्हांला कळवलंसुद्धा नाही!"

बहिरूराव म्हणाले, "भागे, मीच बोलतोय."

यावर रडे दुप्पट जाहले.

चष्मा लावोन पाहता काय, तसबिरीत कुंकू नाही! हर रंग देखणाऱ्या त्या फिल्मीने पिवळ्या बल्बांचे उजेडात लाल कुंकू आणि गव्हाळ कपाळ एकाच राखी रंगात मिळविले होते. सारांश, बहिरूरावांनी स्वहस्ते, स्वखुशीने, स्वतःस कागदोपत्री मयत केले. सायंकाळपर्यंत वणीहून एक व्याही पांढरी टोपी घालोन निघालेही होते. त्यांस दिंडोरीवरून माघारी फिरविले.

दुसरे दिवशी सुलाबाईसाहेबांचा निर्वाणीचा खलिता आला की, आणखी एकच संधी. माझे कुंकू भिंतीवर दिसले तर ठीक, नाहीतर तुमचा तो तीन पायांचा प्राणी भंगारवाल्याच्या गाडीवर चढेल, आणि त्या कोपऱ्यात मी गव्हाची कोठी ठेवीन.

बहिरूरावांनी कॅमेऱ्याचे भात्यावर हात फिरविला. चाळीस वर्षे इतरांची पुस्तके जागेवर लाविली. स्वतःचे म्हणावे ऐसे हेच एक. मग पुनश्च रविवार कारंजा. अब्बासभाई शरमिंदे जाहले नाहीत; म्हणाले की, कुसूर फिल्मचा नाही, कुंकवाचा; भाभींना काळं कुंकू लावायला सांगा. बहिरूरावांनी हा प्रस्ताव घरी नेण्याचे धैर्य आपणात नाही ऐसे नम्रपणे कळविले. तेव्हा अब्बासभाई लोणच्यामागे आणखी शोधू लागले, आणि एक डबी काढोन तुच्छतेने बाजूस सारिली.

"ही कोणती?" बहिरूरावांनी पृच्छा केली.

"हिला हात लावू नका. ऑर्थो. आंधळी आहे. लाल दिसतच नाही हिला. लाल म्हणजे हिच्या लेखी काळाकुट्ट अंधार. गोरा माणूस सावळा करते, सुरकुती म्हणाल तर एक सोडत नाही. बायकांचे फोटो हिच्यावर काढले तर दुकान बंद पडेल माझं."

बहिरूराव जन्मात प्रथमच कोणाचे बोलणे मध्येच तोडोन म्हणाले, "हीच द्या!"

आणि मग आणखी एक नवल. जीस लाल दिसत नाही, तीस लाल दिव्याचे भय कसले? बहिरूरावांनी कोठीचे दार लाविले, देवाचा दिवा तैसाच राहू दिला, आणि त्या तांबड्या उजेडात, आजवर केवळ बोटांनी चाचपिलेली फिल्म प्रथमच डोळ्यांनी पाहोन कप्प्यात भरली. बाहेर सुलाबाईसाहेबांनी दाराचे फटीतून लाल रेघ पाहिली, आणि चहा टाकिला.

तसबीर सकाळचे उजेडात गॅलरीत घ्यावयाची ठरली. ही फिल्म मंद, सबब पुतळ्यासारखे बैसणे प्राप्त. बहिरूरावांनी भिंगाची टोपी काढिली, आणि नेमकी त्याच क्षणी खालोन आरोळी उठली, "मेथी घ्या, मेथी! कवळी मेथी!" सुलाबाईसाहेबांस मेथी हवी होती. तीन दिवस हवी होती. परंतु पापणी हलली नाही, मान वळली नाही. टोपी पुनश्च बैसली, आणि मग त्या कठड्याशी धावल्या, तोवर मेथीवाला कोपरा वळोन गेला होता. या मोहिमेत जे नुकसान जाहले ते इतकेच.

तसबीर सिद्ध जाहली. वर्ण दोन छटा काळवंडलेला, सुरकुत्या झाडून साऱ्या हजर, आणि कपाळाचे मध्यभागी कुंकू, काळेभोर, वाटोळे, जणू फर्मानावरील शिक्का. सुलाबाईसाहेबांनी तसबीर जवळ धरिली, मग लांब धरिली.

"काळी दिसते," त्या म्हणाल्या. "म्हातारीही दिसते."

बहिरूरावांनी कॅमेऱ्याकडे अखेरचे पाहोन घेतले.

"पण तुम्ही आहात, एवढं दिसतं. खिळा ठोका."

तसबीर ग्रुपावर गेली. भागीबाईंचा फोन आला की, दादा आहे हे समजले, परंतु वहिनीला काय जाहले, इतकी कशी काळवंडली? फोन या वेळी सुलाबाईसाहेबांनी घेतला.

"उन्हात बसले होते, वन्सं. नवरा जिवंत ठेवायचा म्हटल्यावर एवढं चालायचंच."

येणेप्रमाणे कुंकू कायम, कॅमेरा कायम, देवघरी दिवा कायम, आणि राजश्री बहिरूराव हेही कायम जाहले. खिळा किंचित वाकडा बैसला आहे, तो तैसाच ठेवावा ऐसा हुकूम आहे. फत्ते.