गुरू ग्रहाचे इंजिन आणि नगराची ऊब

कालुगा शहराच्या वाटेवरच्या एका संशोधन संस्थेत गुरू ग्रहापर्यंत जाऊ शकणारे इंजिन तयार झाले, ही बाब संस्थेच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीची होती. अणुभट्टीने वीज करायची, त्या विजेने झेनॉन वायूचे कण मागे फेकायचे आणि यान वर्षानुवर्षे पुढे रेटत न्यायचे, हे काम रिम्मा अर्कादियेव्हना यांनी तरुणपणी हाती घेतले होते. आता त्यांचे गुडघे कुरकुरू लागले होते आणि इंजिन मात्र चाचणीत कुरकुर न करता चालले.

संचालक रोस्तिस्लाव ग्लेबोविच यांनी अभिनंदन केले आणि दार लावून घेतले.

"अर्कादियेव्हना, नावातला तेवढा 'अणू' शब्द काढा बघू. लोक घाबरतात."

"मग म्हणू काय?"

"उष्णता-साधन! कसं उबदार वाटतं!"

नाव बदलले. उष्णता-साधने अंतराळ विभागाच्या अखत्यारीत येत नाहीत, हे तत्काळ निदर्शनास आले. सबब इंजिन रीतसर नगरातल्या इमारतींना ऊब पुरवणाऱ्या खात्याकडे वर्ग झाले. तिथला प्रमुख झाखार याने इंजिनाभोवती फेरी मारली, टोपी मागे सारली.

"बाई, याचा नळ कुठाय?"

"अरे, हे गुरूला जायचंय!"

"जाईल की. थंडी सरू द्या."

जानेवारीत नगराचा जुना बॉयलर फुटला. मुलांचे रुग्णालय गारठले, तेव्हा रिम्माबाईंनी स्वतः उभे राहून नळ जोडून घेतले. मुलांच्या गालांवर रंग आला, तसे त्यांना रडू फुटले. नंतर नाट्यगृह जोडले गेले. मग संचालकांचा पोहण्याचा तलाव.

नवा बॉयलर आला, तरी इंजिन परत येईना. एप्रिलमध्ये अंतराळवीर दिनाच्या सोहळ्यात रिम्माबाईंना 'दूरच्या अंतराळावर विजय' मिळवल्याबद्दल पदक दिले गेले. त्यांनी माईक सोडला नाही.

"पदक ठेवा. इंजिन द्या."

"गुरूवर राहतं कोण गं?" पहिल्या रांगेतल्या आजींनी विचारले.

"कुणी नाही, आजी."

"मग तिथं ऊब कुणाला हवीय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रिम्माबाईंनी माईक आणखी जवळ ओढला.

"ज्यांना हे इंजिन गुरूला जावं असं वाटतं, त्यांनी हात वर करा."

सभागृहात एकच हात वर झाला. तो, वाचकहो, तुमचा होता. विज्ञानावर तुमचे केवढे प्रेम! रिम्माबाईंचा चेहरा क्षणभर उजळला.

"जरा ती खिडकी उघडता का?" तुम्ही म्हणालात. "आत फार उकडतंय."