मोजलेलं घरी येतं

१४ मे. आजचं काम : सात बॅगांची वजनं करणे. विमान परवा सकाळी, ओझरहून गोव्याला.

माझे सासरे, अण्णा, कोणतीही गोष्ट 'एक'पासून मोजत नाहीत. "लाभ, दोन, तीन, चार..." असं मोजतात. मार्केट यार्डात चाळीस वर्षं कोथिंबिरीच्या जुड्या मोजल्या. पहिली जुडी 'लाभ', मग पुढचा आकडा. मळा मुलांकडे आला तरी मोजणं सुटलं नाही. डब्यातल्या पोळ्या मोजतात. जिन्याच्या पायऱ्या रोज मोजतात, जणू एखादी कोणी उचलून नेईल. डॉक्टर रक्तदाब बघेपर्यंत यांची त्याच्या टेबलावरची पेनं मोजून होतात. "मोजलेलं घरी येतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"आणि न मोजलेलं?" माझ्या मुलीनं, सईनं, एकदा विचारलं.

"ते उंदरं खातात."

माझ्या लग्नात म्हणाले होते, "सूनबाई, रुखवताचे लाडू एक्कावन्न सांगितले, निघाले पन्नास." मी म्हटलं, "लाभ मी खाल्ला." तेव्हापासून आमचं जमतं.

सहल मी ठरवली. आमच्याकडे ठरवायची कामं माझ्याकडे येतात, कारण बाकीचे विचार करत बसतात. तिकिटं सात : अण्णा, आम्ही तिघं, दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. सासूबाई नाहीत. त्यांचे गुडघे गेलेत. एवढं चालणं, वर विमानाचा जिना, कसं झेपणार? चार दिवस विंचूरला नणंदेकडे राहा, म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या. मी कालच त्यांना पोचवून आले.

 तिकिटं आली त्या दिवसापासून अण्णांचं मोजणं चुकायला लागलं. तिकिटं मोजली, सात. आज बॅगा मोजल्या, सात. माणसं मोजली की आठ.

"अण्णा, आपण सात जण आहोत," दीर म्हणाले. "तुमचं ते लाभ जास्तीचं होतंय."

"लाभ कधी जास्तीचं होत नाय, बाळू. कमीच पडतं."

"वय झालं," माझे यजमान हळूच म्हणाले. जावेला वेगळीच काळजी. "विमानात असं मोजायला लागले तर आपल्याला खाली उतरवतील." मला एवढंच खटकलं, की बॅगा बरोबर मोजणारा माणूस माणसांतच कसा चुकतो? पण एक बॅग दोन किलोनं जास्त भरत होती. मी तिच्यामागे लागले.

संध्याकाळी अण्णांनी अंगणात विमान लावलं. म्हणजे घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन-दोनच्या रांगेत. "बसायचं कसं, उठायचं कसं, आत्ताच शिका. तिथं घोळ नको." पट्ट्यांच्या जागी मळ्यातली सुतळी. प्रत्येकाला स्वतः बांधली.

"मला खिडकी हवी," सई म्हणाली.

"तुझ्या खिडकीतून तुळस दिसती. गप बस."

कंपाउंडवरून शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कुठं निघालात सगळे?"

"गोव्याला," जाऊ मान खाली घालून म्हणाली.

अण्णा मोजत आले. "लाभ," म्हणत पहिल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. खुर्ची रिकामी होती. "दोन," म्हणजे मी. असं करत शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "आठ."

सगळे हसले. मी सुतळी सोडायला वाकले तेव्हा दिसलं. रिकाम्या खुर्चीपुढे पाट मांडला होता. आमच्या घरात पाय पाटावर ठेवून बसणारं माणूस एकच आहे. यार्डातही ढिगाशेजारी सासूबाईच बसायच्या आणि लाभाची जुडी अण्णा त्यांच्या ओच्यात टाकायचे. हे मला ठाऊक होतं. नव्यानं कळलं असं सांगायची सोय नाही.

"आईंना न्यायचं होतं, तर बोलायचं ना, अण्णा."

"तू ठरवलेलं. मी कशाला बोलू?" ते सुतळी गुंडाळत म्हणाले. "मी आपला मोजत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विमान कंपनीला फोन लावला. आठवं तिकीट मिळालं. चाकाची खुर्चीही मिळते, पार विमानात बसवून देतात. हे महिन्यापूर्वी विचारायला हवं होतं. नणंदेला कळवलं आणि गाडी काढली. अण्णा मागे बसले. विंचूरपर्यंत कांद्याचे एवढे ट्रॅक्टर गेले, त्यांनी एकही मोजला नाही.

सासूबाई ओट्यावर तयारच होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पायांखाली उशी सारली, दार लावलं आणि म्हटलं, "लाभ."

मागून अण्णा म्हणाले, "दोन."

मी गाडी चालू केली.