हिराकाकीचा आकडा

"कशी आहेस?" असं विचारलं तर मुरबे गावची हिराकाकी "बरी हाय" म्हणायची नाही. मोबाइल दंडाला टेकवायची आणि सांगायची, "एकशे अठरा!"

काकी माझी शेजारीण. पालघरच्या बाजारात मासळी विकते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडावर साखर मोजणारं नाण्याएवढं बटण चिकटवलं, दोन आठवड्यांसाठी. ते झाकू नये म्हणून काकीने पदर दुसऱ्या खांद्यावर घेतला. गिऱ्हाइकाने पापलेटाचा भाव विचारला तरी आधी दंड पुढे. "टोचायचं नाय, रगत नाय. आतल्या आत मोजतो!"

मग घरात प्रयोग सुरू झाले. नुसता भात खाल्ला, दोनशे तीस. "वाघ!" अर्धा भात आणि बोंबलाचं कालवण, दीडशे. "हां, ही मांजर." कुणाच्या तरी साखरपुड्यात जिलेबी उचलली. मी डोळे वटारले तर म्हणते, "शास्त्रापुरती, मास्तर."

पण एक गोष्ट तिनेच पकडली. बाजारात दुपारी तिला चक्कर यायची, घाम फुटायचा. आम्ही सगळे म्हणायचो, ऊन लागतं. काकीने मोबाइलवरची साखरेच्या चढउताराची रेघ डॉक्टरीणबाईंसमोर धरली. "बाई, हितं बघा. रोज याच टायमाला ओहोटी." सकाळी गोळी घेऊन, नुसत्या चहावर ती एसटी पकडायची. बाईंनी गोळी कमी केली आणि भाकरी खाऊनच निघायचं बजावलं. चक्कर थांबली.

आता गावातल्या साखरवाल्या बायकांना काकीच दवाखान्यात घेऊन जाते. "बाई मलाच विचारते, काकी, तुमाला काय वाटतं?" चौथी शिकलेली आमची काकी! सांगताना माझीच छाती फुगते.

बटण काढलं त्या संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी कौतुक केलं.

"मास्तर, माझ्या गेलेल्या म्हाताऱ्याला पण साखर होती. होडीवरनं दुपारी यायचा तो घामाघूम. हात थरथरायचे, आनि सारखा खेकसायचा माझ्यावर. मी म्हनायची, सोभावच वंगाळ."

तिने दंडावरच्या पुसट वर्तुळावरून बोट फिरवलं.

"राग नव्हता तो. साखर उतरायची त्याची. आनि मी मुद्दाम ताट उशिरा वाढायची."